वाफेचं उष्टं पाणी

चामराजपुरमच्या मंगल कार्यालयातला बॉयलर तुंगाचा. विकत घेतलेला नव्हे. बारा वर्षं तिनं पेटवलेला, पुसलेला, प्रसंगी शिव्या घातलेला. पॉलिटेक्निकात शिकलेली उष्णतेची गणितं ती लग्नानंतरही विसरली नव्हती.

यंदा शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली. कमिटीचे तिरुमलराव सांगून गेले: रविवारच्या लग्नात लाकूड तिसऱ्या हिश्शानं कमी लागलं तर ठीक, नाहीतर स्वयंपाकघर बंद. म्हणजे तुंगाचं काम गेलं आणि आचारी गंगाधररावांचंही.

तिनं वाफेच्या नळ्यांना ऊब धरून ठेवणारं ग्लासवूल गुंडाळलं. ओली लाकडं धुराड्यापाशी रचून वाळवली. तरी चौथाच हिस्सा वाचला. कमी पडणारा हिस्सा डोळ्यांदेखत मोरीत जात होता. सांबाराच्या दुहेरी तळाच्या पातेल्यांना ऊब देऊन वाफेचं कढत पाणी होई, ते वाहून जाई आणि बॉयलरमध्ये पुन्हा गार पाणी भरावं लागे.

ते कढत पाणीच परत घेऊ म्हटलं, की गंगाधरराव सोवळं सावरत मागं सरत.

"अन्नाच्या भांड्यातून आलेलं पाणी. उष्टं ते. नको, बेडा म्हणजे बेडा."

तिनं फरशीवर खडूनं पातेलं काढून दाखवलं. ते त्यावरून चालत गेले.

"मामा, वाफ दोन तळांच्या मधेच फिरते. अन्नाला शिवतसुद्धा नाही."

"तू आत जाऊन बघून आलीस?"

हा टोमणा तिनं मनावर घेतला. शनिवारी सकाळी पातेल्यात पाणी भरलं, मूठभर हळद टाकली, उकळी आणली आणि बाहेर येणाऱ्या नळीखाली आपली पांढरी ओढणी धरली. बोटं पोळली तरी सोडली नाही. अर्धा तास ओढणी भिजत राहिली, वाफाळत राहिली. पांढरीच राहिली.

गंगाधरराव वाकले. हुंगून पाहिलं. मग पातेल्यात डोकावून हळद खरंच घातलीय ना, याची खात्री केली.

"सोवळ्यात मी त्या नळीला हात लावणार नाही," ते म्हणाले.

"मी लावते. तुम्ही फक्त बेडा म्हणू नका."

त्याच दुपारी तिनं नळी बॉयलरच्या टाकीला जोडली.

रविवारी नेहमीच्या लाकडांतला तिसरा हिस्सा तिनं पहाटेच बाजूला रचला. शेवटची पंगत उठली तरी त्याला हात लागला नव्हता. तिरुमलराव ढिगाभोवती फिरले, मग वर धुराड्याकडे बघत राहिले. टाकीत सोडलेली नळी दिसताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. हे कसलं पाणी, त्यांनी विचारलं.

तुंगा तोंड उघडणार, तेवढ्यात उरलेलं पायस ढवळता ढवळता गंगाधरराव म्हणाले,

"स्वच्छ आहे. मी बघितलंय."