तेवीस जणींची लेझीम

सत्यशीला मॅडमचं डोकं एकदा फिरलं की फिरलंच. माहेर नांदूरघाटचं. 'पोरीच्या जातीनं पळायचं असतं व्हय?' असं चुलते म्हणत राहिले, ही पळत राहिली, आणि थेट खेळाची शिक्षिका होऊन बसली. केजकडच्या ज्या गावात नोकरी लागली, तिथं गणिताची जागा रिकामी. मग नववीचं गणितही हिच्याच गळ्यात. सकाळी शिट्टी, दुपारी खडू. कुरकुर नाही. पण कुणी पोरींच्या वाटेला गेलं, की मग बघायचं काम नाही!

यंदा सव्वीस जानेवारीच्या लेझमीला चोवीस पोरी होत्या. सहा-सहाच्या चार रांगा, झकास. दिवाळीच्या सुट्टीत त्यातली केसर आजोळी गेली ती परत आलीच नाही. तिकडंच लग्न उरकलं तिचं. नववीतली पोर हो! मॅडमनं ठाण्यात तक्रार दिली, कुणाकुणाच्या दारात जाऊन भांडून आल्या, पण केसर काही वर्गात आली नाही.

उरल्या तेवीस. तालीम बघायला संस्थेचे अध्यक्ष विजयसिंहदादा आले, तर शेवटच्या रांगेला खिंडार.

"मॅडम, पाहुणे येणार हायेत. हे असं लई वंगाळ दिसतंय. दोन पोरी काढा. एकवीस झाल्या की सात-सातच्या तीन रांगा!"

"कुणाला काढू?"

"ती रुद्राणी हाय की. कायम उशिरा पाय पडतो तिचा. आन दुसरी कुणीबी."

रुद्राणीचं तोंड एवढंसं झालं. तिचे वडील शिवलिंगप्पा, किराणा दुकानवाले. त्यांनी घरी बजावून ठेवलं होतं, लेझीम आहे तोवर शाळेत जा, लेझीम सुटली की घरी बस, स्थळं बघायचीत. हे मॅडमला ठाऊक होतं.

"नाही काढणार," मॅडम म्हणाल्या.

"आवो, तेवीसच्या सारख्या रांगा व्हतेत का कुठं?"

"न्हाईच होत. मूळ संख्या हाय ती, दादा. दोननं भागा, तिननं भागा, सातनं भागा, कायतरी उरतंच. आन उरलेल्या पोरी घरी धाडायला मी इथं न्हाई बसले. एक गेली तेवढी बास झाली!"

दादा तणतणत निघून गेले.

रागाच्या भरात बोलून तर गेल्या, पण बसवायचं कसं? दुसऱ्या दिवशी मॅडमनं रांगाच मोडल्या आणि गोल धरला. हलगीवर बिभीषणमामा. एकीनं आत उडी घ्यायची, लेझीम डोक्यावर नेऊन आपलं नाव गर्जायचं आणि जागेवर जायचं. मग तिच्यापासून पाचवी. मग तिच्यापासून पाचवी.

"मॅडम, मधल्या पोरी राहून जातील की!" पोरी ओरडल्या.

"बघाच राहतात का. चोवीस असत्या आणि सहावी-सहावी मोजली असती, तर चौघीच नाचल्या असत्या, बाकीच्या ताटकळत उभ्या. तेविसात पाचवी मोजा नाहीतर सहावी मोजा. सगळ्यांची पाळी झाल्याबिगर पहिलीवर येतच नाही."

पोरींना पटेना. मोजत मोजत नाचल्या, तर खरंच कुणी राहिलं नाही! मॅडमला भलताच आनंद झाला. रुद्राणीचा पाय तेव्हाही उशिराच पडत होता. पडू दे म्हणाल्या.

सव्वीसला मैदान भरलं. हलगी कडाडली. एकेक पोरगी आत येऊन नाव सांगू लागली, माणसं टाळ्या देऊ लागली. रुद्राणीची पाळी आली. तिनं लेझीम वर केली आणि कुणी शिकवलं नव्हतं ते बोलली.

"मी रुद्राणी शिवलिंगप्पा! औंदा नववी, पुढच्या साली दहावी, आन त्याच्या पुढंबी शिकणार हाय मी!"

बिभीषणमामांचा हात थांबला. मॅडमनं ही संधी सोडली असती तर त्या सत्यशीला कसल्या! माईक ओढून घेतला.

"आप्पा, ऐकलं ना हो?"

सगळं मैदान शिवलिंगप्पांकडं वळून बघायला लागलं. त्यांनी उगाच टोपी सारखी केली.

"ऐकलं की. म्या कवा न्हाई म्हणलो?"

"मग उद्या वर्गात पाठवा," मॅडम म्हणाल्या, आणि हलगीकडं वळल्या. "मामा, थांबलात कावून? वाजवा! अजून नऊ पोरी राहिल्यात. त्यांचंबी ऐकू दे गावाला."