पदराखालच्या बायका

तुमच्या घरातल्या जुन्या लग्नाच्या फोटोत, मागच्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या बायकांपैकी कितीजणींची नावं तुम्हाला सांगता येतील? अमक्याची आई, तमक्याची सून असं उत्तर चालणार नाही. नाव सांगा.

हा प्रश्न मला माझ्या अक्कानं विचारला होता. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, धुळ्याची. काही आठवड्यांपूर्वी ती गेली. जळगावला आमच्या घरी सकाळी प्रमोददादाचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन आला. "अक्का झोपेतच गेली गं," एवढंच तो बोलला. एरंडोल, पारोळा मागे टाकत बसनं धुळ्याला जाताना आई माझ्या शेजारी बसली होती. मला राहून राहून अक्काचा टॅब आठवत होता… तिनं ब्लाऊजपीसची पिशवी शिवून त्यात ठेवलेला.

अक्काचे यजमान, आमचे आबा, लग्नाचे फोटो काढायचे. धुळ्यात छोटा स्टुडिओ होता. फोटोच्या कामाला खेड्यात गेले की सोबत टेपरेकॉर्डरही न्यायचे आणि बायकांची हळदीची, कानबाईच्या सणाची गाणी भरून घ्यायचे. आबा गेल्यावर घरात खोकीच्या खोकी उरली, फोटोंची आणि कॅसेटींची. प्रमोददादानं ते सगळं संगणकावर चढवून घेतलं, एका टॅबमध्ये भरलं आणि अक्काच्या हातात दिलं. करमणूक म्हणून. तिनं त्या करमणुकीचं काम करून टाकलं.

त्या टॅबला एक खोड होती. तो चेहरे ओळखून एकेका माणसाचे फोटो वेगळे लावायचा आणि शंका आली की दोन चेहरे शेजारी ठेवून विचारायचा, ही तीच व्यक्ती आहे का? पदराआडच्या चेहऱ्यांबद्दल त्याला सारखी शंका यायची, आणि अक्का प्रत्येक वेळी 'हो' दाबत गेली. मी एकदा सुट्टीत गेले तेव्हा पाहते तर पुरुष सगळे वेगवेगळे, मुलं वेगवेगळी, आणि बायांचा एकच भलामोठा गठ्ठा. जणू सगळ्या खानदेशात पदर घेतलेली एकच बाई होती आणि तीच प्रत्येक लग्नाला हजर होती.

"अक्का, तू 'हो' का दाबलंस?"

"अवं, तो इतलं नीट इचारस. नही कसं म्हनानं?"

मी चळवळीची पत्रकं वाचत मोठी झालेली पोरगी. बाबांच्या खोलीत शाईचा वास असलेले गठ्ठे असायचे, अक्षरओळखही मी त्यांवरच केली. त्यामुळे मी लगेच भाषण सुरू केलं. बाईला जन्मभर 'हो' म्हणायलाच शिकवतात, आता यंत्रसुद्धा तिच्याकडून तेच वदवून घेतं, वगैरे. अक्कानं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाषण ऱ्हाऊ दे. 'नही' कोठे शे, ते दखाड."

मी दाखवलं. त्या दिवसापासून अक्का रोज दुपारी जेवणानंतर बसून 'नाही' दाबायला लागली. गठ्ठ्यातून एकेक बाई सुटी व्हायला लागली. पण सुटी झाली तरी तिला नाव कुठलं द्यायचं? म्हणून मग टॅब पिशवीत घालून अक्का गावोगाव जायची, लग्नाला, बारशाला, दहाव्यालासुद्धा. म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात बसून फोटो दाखवायची, त्याच गावात भरलेलं गाणं लावायची. आवाज ऐकला की चेहरा ओळखू यायचा. आमच्याकडे लग्नानंतर पुष्कळ जणींची नावं बदलत. म्हणून अक्काचा नियम होता की माहेरचं नाव विचारायचं, ते आधी लिहायचं, सासरचं नंतर. आणि बाई जिवंत असेल तर तिला स्वतःला विचारल्याशिवाय काहीच लिहायचं नाही.

चोपड्याजवळच्या एका खेड्यात मी सोबत होते. केळीच्या बागेला लागून घर. तिथल्या आजींना अक्कानं माहेरचं नाव विचारलं तर त्या तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या.

"इतला वरीसमा कोनी इचारं नही. आते तुले कसाले पाहिजे?"

"टॅबमा टाकाले."

"मंग टाक. द्वारका." आणि जरा थांबून, "बठ्ठास्ले दिसी का ते?" सगळ्यांना दिसणार का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"तू म्हनशी तर दिसी."

मला ते सगळं इंटरनेटवर टाकायची घाई होती. अक्का ठाम होती. बाई हो म्हणेल तेव्हा. गठ्ठा पुरता सुटेपर्यंत तिला वेळ मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती मात्र म्हणायची, ओळखणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या, लवकर करायला हवं.

तेराव्यानंतर प्रमोददादानं टॅब उघडला. समोर प्रश्न थांबलेला होता. एका बाजूला हळदीतली, पदर कपाळापर्यंत ओढलेली कुणी नवरी. दुसऱ्या बाजूला अक्काचा अलीकडचा फोटो, चष्मा लावलेला. ही तीच व्यक्ती आहे का?

मी दादाशेजारीच होते. दोन्ही चेहऱ्यांना नाव नव्हतं. एवढ्या जणींना नावं देणारी अक्का स्वतः त्या गठ्ठ्यातच राहिली होती. आणि विचारायला ती नव्हती. दादानं टॅब माझ्या आईपुढे धरला. आईनं चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला.

"तीच. मीच हळद लावली होती तिला." मग दादाकडे बघून म्हणाली, "इंदू लिही आधी. सुमन ती तुमच्या घरात येऊन झाली."

दादानं 'हो' दाबलं. इंदू लिहिलं, मग सुमन.

टॅब आता माझ्याकडे आहे, त्याच पिशवीत. दुपारी जेवण झालं की उघडते. गठ्ठा अजून मोठा आहे.

तुमच्याकडे एवढंच मागते. या रविवारी घरातला जुना अल्बम काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. मागच्या रांगेवर बोट ठेवून एकेकीचं नाव विचारा, माहेरचं आधी, आणि फोटोच्या मागे लिहून ठेवा. सुरुवात मात्र शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईपासून करा.