साडूंची हरकत

अख्ख्या पाटण तालुक्यात झाडांशी सोयरिक पाळणारा एकच माणूस झाला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या. त्यामुळे साडूंची प्रत्येक लहर आधी माझ्या अंगणात यायची आणि मग गावात जायची. गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. तिथून वाळकी काडीही बाहेर न्यायची नाही, हा जुना नेम. गाव तो काडीपुरता पाळायचं, साडू पानापर्यंत पाळायचे. राईतून निघताना धोतर झटकायचे, टोपी उलटी करायचे आणि सोबतच्या माणसाचे खिसे चाचपायचे. एकदा माझे जावई राई बघून मोटारीत बसले, तर साडूंनी मोटार थांबवून त्यांच्या बुटाच्या तळाला चिकटलेलं हिरड्याचं पान काढलं आणि परत आत नेऊन ठेवलं. एका पानानं काय होतं, असं जावयांनी हसत विचारलं. साडू शांतपणे म्हणाले, "तुमची बायकू तरी एकच हाय न्हवं?"

मेहुणी गेल्यावर ते दुपारची भाकरी राईच्या कडेला बसून खाऊ लागले. घरात एकट्यानं जेवायला बसलं की आपल्याच चावल्याचा आवाज येतो, म्हणायचे. गावात तेव्हापासून त्यांना कुणी फारसं बोलवत नसे.

मग पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. राईला लागून असलेला माळ हिरव्या पट्ट्यातून काढून हॉटेलांना खुला करायचा होता. हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी द्यायची. गाव खूश झालं. साडू एकटे माझ्याकडे आले, कारण मी तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी केलेली. अर्जदारांच्या नावांत त्यांना जांभूळ, अंजनी आणि हिरडा घालायचे होते. झाडांना अर्ज करता येत नाही, असं मी समजावलं.

"मग त्यास्नी इचारल्याबिगर मी सही कशी करू, पाव्हणं?"

ते वर राईत गेले आणि तासाभराने येऊन सही केली.

अर्जाचा लिफाफा साताऱ्याच्या कचेरीत मी द्यायचा होता. मी साताऱ्याला गेलो, हे खरं आहे. पण त्याच माळावर रस्त्याकडेचं माझं रान होतं आणि मुलाने हॉटेलचा नकाशाही काढून आणला होता. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये मी चहावर चहा घेत कचेरी बंद व्हायची वाट पाहिली. संध्याकाळी लिफाफा बंडीच्या आत ठेवून परत आलो. साडू फाट्यावर उभे होते.

"दिला न्हवं?"

"दिला."

हरकत घेणाऱ्याला सुनावणीला बोलावतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी लग्नातला कोट काढून उन्हात टाकला. सुनावणीत काय बोलायचं ते रोज राईत जाऊन मोठ्याने म्हणून पाहिलं. पोस्टमन त्यांना चुकवून मागच्या गल्लीने जाऊ लागला. बोलावणं आलं नाही आणि माळ खुला झाला. म्हाताऱ्यानं अर्ज दिलाच नव्हता, नुसता आव आणला, असं पारावर बोललं जाऊ लागलं. गावात आजही तेच म्हणतात. मी तिथेच बसलो होतो. साडू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाव्हण्यांनी सोता दिलाय. इचारा की." मी चष्मा पुसत राहिलो.

आता माळावर तीन हॉटेलं आहेत, त्यातलं एक आमचं. राई उभी आहे, पण धनेश पक्षी तिकडे फिरकत नाहीत. साडू सांगलीला लेकीकडे चौथ्या मजल्यावर असतात. त्यांना आता दिसत नाही. मी गेलो की पेपर पुढे करतात आणि मी वाचतो ते सगळं खरं धरतात. परवा तर मी पान उलटलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "राईबद्दल काय आलंय का?" नाही म्हणालो.

येत्या सोमवारी हे कागद घेऊन मी सांगलीला जाणार आहे. वाचणारा मीच. मधला एक परिच्छेद गाळला तर त्यांना कळणारही नाही. म्हणून आधी हे छापायला दिलं आहे, आणि एक प्रत त्यांच्या लेकीच्या हातात देऊन मगच वाचायला बसेन.