सीपीयूवरच्या अक्षता

त्या उन्हाळ्यात आमच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर इतका मंद झाला होता, की फोटोवरचा एक ठिपका पुसून मी माठातलं पाणी पिऊन यायचे, तरी पडद्यावर ते निळं चक्र फिरतच असायचं. बाहेर सोलापूरचं ऊन आणि आत दहा बाय बाराची खोली. खोलीला खिडकी नाही, कारण डार्करूमसाठी अण्णांनी ती कधीच विटा लावून बुजवली होती. डार्करूम गेली, खिडकी काही परत आली नाही. त्या खोलीत मी, तो कॉम्प्युटर आणि माझ्या मागच्या स्टुलावर माझे वडील.

"झालं का गं?" अण्णा विचारायचे.

"होतंय, अण्णा."

दिवसातून दहा वेळा तरी हेच. अकराव्या वेळी मी उत्तर द्यायचे नाही.

घाईला कारण होतं. अण्णांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेलीही हळूहळू जाईल. जे बघायचं असेल ते आत्ताच बघू द्या, म्हणाले. घरी येताना रिक्षात मी अण्णांना विचारलं, काय बघायचंय? मला वाटलं होतं, बार्शीकडचं शेत म्हणतील, नाहीतर पुण्याची नातवंडं. त्यांनी एक निगेटिव्ह मागितली. आईची. लग्नाच्या वर्षी नातेपुत्याला, तिच्या माहेरच्या अंगणात त्यांनीच काढलेली.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवते ती आई भिंतीवरची, हार घातलेली, मान किंचित डावीकडे कललेली. तो एकच फोटो. फोटोग्राफरच्या बायकोचे फोटो नसतात, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल. ही दुसरी निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत पडून होती आणि तिला बुरशी लागली होती. कपाळावर, गालांवर, मानेवर सगळीकडे काळे ठिपके. मी ती मोठ्यात मोठी स्कॅन केली, म्हणजे अण्णांना पडद्यावर चेहरा हातभर मोठा दिसेल. मग एकेक ठिपका पुसायला बसले.

आणि मशीन बसलं. एक ठिपका, एक चक्र. कधी मध्येच सगळं थिजायचं, पडदा पांढरा व्हायचा आणि दोन तासांचं काम पाण्यात जायचं. मी जमेल ते सगळं केलं. जुन्या लग्नांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले. नको ते प्रोग्रॅम काढले. व्हायरस शोधून झाले, एकही सापडला नाही, तेव्हा तर मला वाईटच वाटलं. सकाळी शटर उघडल्यावर पहिला अर्धा तास मशीन बरं चालायचं आणि मग मरगळायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण सोलापुरात उन्हाळ्यात माणसंही तशीच वागतात, त्यामुळे मी त्यावर फार विचार केला नाही.

त्या अर्ध्या तासात मी धावत काम करायचे आणि नेमकी तेव्हाच अण्णांची पूजा निघायची. खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा सगळेच करतात. पण स्टुडिओची खुर्ची माझ्या हाती दिल्यापासून अण्णा रोज पूजा करायला लागले होते. टेबलावर सीपीयूचा डबा, त्याच्यासमोर एक लहान पितळी ताटली. डब्याला कुंकू, ताटलीत अक्षता, मग उदबत्ती. मी माउस हातात धरून दात खात थांबायचे. बापाला सांगणार काय?

खरं सांगते, त्या दिवसांत मला कोंडल्यासारखं झालं होतं. मशीन सोडवत नव्हतं, कारण त्यात आईचा अर्धा चेहरा अडकला होता. अण्णांना ओरडता येत नव्हतं, कारण त्यांचे डोळे जात होते. भाऊ पुण्याहून फोनवर सल्ले द्यायचा. मला त्या बुजवलेल्या खिडकीकडे बघून रडायला यायचं.

शेवटी मी नवी रॅम आणली आणि ती बसवायला आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. माझ्याच वयाचा माणूस, घरात तेलुगू बोलणारा, वडिलांचे माग विकून कॉम्प्युटरच्या धंद्यात आलेला. त्याने डब्याचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा ओढला आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"ताई, ह्याला रोज नैवेद्य दावता का काय?"

मी वाकून बघितलं. आत तांदूळ होते. दहा-वीस दाणे नव्हे, मूठभर. डब्याच्या वरच्या जाळीतून पडलेले, कुंकवाने लाल झालेले, उदबत्तीच्या राखेत घट्ट बसलेले. प्रोसेसरवरचा पंखा त्या गिलाव्यात रुतून घरघरत जेमतेम हलत होता.

"गरम झालं की मशीन आपणहून हळू व्हतंय, जळू नये म्हणून," तो म्हणाला. "ह्याची काय चूक न्हाय बघा. रॅम परत करा की."

त्याने ब्रशने सगळं साफ केलं, तांदूळ कागदावर काढून माझ्या हातात दिले आणि गेला. मी तो कागद घेऊन अण्णांकडे वळले. महिन्याभराचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. ताटली कशाला ठेवलीय, मी म्हणाले. वीतभर अंतरावर ताटली असताना डब्यावर कशाला टाकता? तुमच्या देवधर्मापायी माझा महिना गेला.

अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूजा केली नाही. ताटली रिकामीच राहिली आणि मला बोललेलं गिळताही येईना.

मशीन मात्र पळायला लागलं. महिनाभर जे झालं नव्हतं ते दुपारपर्यंत झालं. कपाळ स्वच्छ, गाल स्वच्छ, मान स्वच्छ. आई माहेरच्या अंगणात उभी राहून चक्क हसत होती. भिंतीवर ती हसत नाही. मी अण्णांचं स्टूल पुढे ओढलं, त्यांना बसवलं.

त्यांनी चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला. नाक काचेला टेकलं. खूप वेळ तसेच राहिले. मग मागे सरकले.

"हनवटीवरचा तीळ नीट आलाय का?" त्यांनी विचारलं. "डाव्या अंगाला."

मला आधी कळलंच नाही, की ते मला का विचारतायत. मग कळलं. हातभर मोठा चेहरा समोर होता आणि त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. टेबलावरची ताटलीही दिसत नव्हती. तांदूळ रोज सांगत होते आणि मी मशीन तपासत बसले होते.

आणि हनुवटीवर तीळ नव्हता. बुरशीच्या ठिपक्यांबरोबर मी तोही पुसून टाकला होता.

"आलाय," मी म्हणाले.

"भिंतीवरच्या फोटूत न्हाय त्यो," अण्णा म्हणाले. "मीच काढला. तवा तशी पद्धतच हुती, तीळ, वण समदं पेन्सिलीनं घालवायचं. गिऱ्हाईक खूश व्हायचं. हात बसला हुता, तिचाबी काढून बसलो. ती लई रागावली. म्हणली, ही मी न्हाय." मग म्हणाले, "म्हणून ही निगेटिव्ह मागितली. तुज्यासाठी. मला काय, मला तर तोंडपाठ हाय ती."

ते बोलत होते तोवर मी मूळ स्कॅन उघडलं. क्षणात उघडलं. सगळ्या काळ्या ठिपक्यांमध्ये हनुवटीच्या डाव्या बाजूला एक ठिपका गोल होता, कडेला मऊ. मी तो उचलून आईच्या चेहऱ्यावर परत ठेवला.

"मशीनचा आवाज येईना," अण्णा म्हणाले. "बंद पडलं काय?"

"नाही, अण्णा. चालू आहे."

मी त्यांचं बोट धरलं आणि काचेवर टेकवलं. हनुवटीच्या डाव्या अंगाला, अगदी तिथेच.