न आलेल्या कार्डाची सुपारी

माझा धाकटा भाऊ मानाजी भोईटे देवासला सयाजी गेटाजवळ कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. चालवतो म्हणजे काय, कॉम्प्युटर स्वतःच उघडतो, स्वतःच जोडतो आणि गिऱ्हाइकावर ओरडतोही स्वतःच. "भिया, इसमें तो पूरा खेत भरा है, गहू पेरू का यात?" असं म्हणत लोकांच्या डब्यांतली धूळ फुंकतो. लोक हसतात आणि पुन्हा त्याच्याचकडे येतात. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि काळीज मात्र लोण्याचं. त्या काळजानेच घात केला मेल्याचा.

मी इंदू, त्याची थोरली बहीण. मला धारला दिली. माहेरी सगळे मला आक्का म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरू देत. स्पष्ट बोलणारं आमच्या घराण्यात तेवढं एकच निपजलं.

कारण आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच नाही. आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्यात पटाईत. एकदा सोयऱ्यांपैकी कोणीतरी वरातीत मिरवायला आमचा खांडा मागायला आला. आबा म्हणाले, "न्या की! आपल्याच घरचा आहे. परसातल्या विहिरीचा गाळ काढून झाला, की त्याच दिवशी घेऊन जा." तो बिचारा खूश होऊन पाया पडून गेला. आणि विहीर आदल्याच उन्हाळ्यात बुजवलेली! मी आणि मानाजीनेच तिच्यात घमेल्यांनी राडारोडा टाकला होता. मानाजीला हसू आवरेना, तर आबांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "माणसाला दुखवायचं नसतं रे," म्हणाले. तेव्हापासून आम्हा भावंडांत कोणी अशी अट घातली, की आम्ही एकमेकांकडे बघून म्हणायचो, विहीर बुजलेली आहे.

आमचे वाडवडील देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या सिलेखान्यात हत्यारं राखायला होते. आता सिलेखाना कुठला आणि पाती कुठली! घरात दोन तलवारी, तो खांडा आणि एक कट्यार उरलीय. पण खंडेनवमीला पाट मांडला जातो तो जातोच. मानाजी त्यावर तलवारींच्या शेजारी आपले पेचकस, पकडी आणि दुकानातली ग्राफिक्स कार्डं मांडतो. त्यांनाही हळदकुंकू, त्यांनाही झेंडू. कोणी हसलं तर म्हणतो, "ज्यावर पोट चालतं ते हत्यार."

या पूजेत आमच्या घरची एक चाल आहे. एखादं हत्यार कोणाबरोबर स्वारीवर गेलेलं असेल, तर पाटावर त्याची जागा मोकळी ठेवायची आणि तिथे सुपारी मांडायची. पाट उठला की ती देव्हाऱ्याशी न्यायची, पण ते परत घरी येईपर्यंत उचलून टाकायची नाही. आबांचे एक काका लढाईवर गेले ते तलवारीसकट गेले. त्यांची सुपारी देव्हाऱ्याच्या खालच्या पायरीवर होती. भुंगा लागून तिचं पीठ झालं, तरी आबांनी ते पीठ हलवू दिलं नाही. लहानपणी मला त्या पायरीची भीती वाटायची.

आता रणवीरचं सांगते. मानाजीचा एकुलता एक. इंदूरला ॲनिमेशन का काय ते शिकला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सिनेमावाल्यांचं काम करायला लागला. मी एकदा विचारलं, "काय करतोस रे दिवसभर?" तर म्हणाला, "आत्या, मी आग लावतो." अगं बाई! मग त्याने पडद्यावर दाखवली. आख्खं गाव जळत होतं, धुराचा लोट न् लोट खरा. पण तेवढी आग तयार व्हायला ती मशीन दिवसदिवस घोंगावत बसायची. आणि मानाजी दारातून बघत असायचा, आपला पोरगा आपल्या दुकानात आहे म्हणून तृप्त.

पितृपक्षात रणवीरने हैदराबादचं नाव काढलं. तिथल्या मोठ्या स्टुडिओत काम आहे म्हणाला. मानाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "इथे काय कमी आहे तुला?" रणवीर खाली बघून म्हणाला, "मशीन, बाबा. एक नवीन ग्राफिक्स कार्ड येतंय, सगळ्यात मोठं, दिवसाचं काम तासात करणारं. ते असलं तर इथूनच सगळं होईल. ते आलं तर मी कुठे जात नाही."

झालं! मानाजीने ते गाठीला बांधलं. जगात कुठेतरी एक कार्ड बनतंय, ते देवासला आणायचं, की पोरगा आयुष्यभर डोळ्यांसमोर. इंदूरचा मोठा व्यापारी कुशल, त्याच्याकडे नाव सांगून ठेवलं. नवा कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, आणला, काचेच्या दाराचा. आत सगळं बसवलं, फक्त कार्डाची जागा रिकामी.

खंडेनवमीला मी देवासला गेले. मागच्या खोलीत पाट मांडलेला, तलवारी लखलखीत, झेंडूच्या माळा. आणि कार्डांच्या ओळीत एक मोकळी जागा, तिथे सुपारी. तिच्यावर हळदकुंकू, अक्षता, फूल.

"मानाजी, ही कोणाची?"

"नवीन कार्डाची, आक्का. यायचंय ना ते."

माझं डोकंच फिरलं. "अरे, अक्कल गहाण टाकलीस का? ती जागा गेलेल्यासाठी असते. न आलेल्यासाठी नव्हे! घरातून जे गेलंच नाही, त्याची सुपारी कशी मांडलीस तू?"

"गेलेलं येतं, तसं न आलेलंही येईल," म्हणाला आणि हसला. बकुळा, माझी भावजय, ताम्हण हातात घेऊन तशीच उभी राहिली. रणवीर समईची वात सारखी करत होता, त्याने मान वर केली नाही. मी हात पुढे केला. पण मांडलेली सुपारी आमच्यात कोण उचलणार? दसरा झाल्यावर मानाजीने पाट उचलला आणि सुपारी त्या कॅबिनेटच्या आत, कार्डाच्या जागी ठेवून दिली.

दिवाळी सरली आणि ती आवई आली. अर्पित नावाचा कॉलेजातला पोरगा माऊस घ्यायला आला आणि सहज बोलून गेला, "अंकल, सुना क्या? वो कार्ड तो कैंसल हो गया. बाजार में आने से पहले ही." मानाजी एवढा भडकला, की त्या पोराला माऊस न देताच हाकलला.

पण आवई ती आवई, दार लावलं म्हणून थांबते थोडीच. कोणी म्हणे मेमरीच मिळत नाही, सगळी त्या एआयच्या कारखान्यांकडे चाललीय. कोणी म्हणे कार्ड बनलं होतं, पण पुरून टाकलं. कोणी म्हणे पुढच्या वर्षी, कोणी म्हणे कधीच नाही. आणि कंपनी? ती हूं की चूं करेना. कुशलला फोन केला की एकच, "मानाजी भिया, ऊपर से कुछ नहीं आया." पुढे पुढे तो फोनही उचलेना.

बकुळा मला धारला फोन करून सांगायची. मानाजी काउंटरवर बसून दिवसभर त्या कार्डावर बोलणाऱ्या गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतो. इंग्रजी त्याला कळत नाही, नुसते चेहरे बघतो. कोणी खांदे उडवले की याचा घास अडकतो. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून सांगतो, "पोरासमोर त्या कार्डाचं नाव नका काढू." घरात सुतकाची बातमी आली असावी आणि म्हाताऱ्यांपासून लपवावी, तशी त्याने ती पोरापासून लपवली. ओरडणं बंद झालं, गिऱ्हाइकं बिचकायला लागली. रोज सकाळी अंघोळ करून आधी त्या सुपारीला फूल, मग देवाला.

"आक्का, तुम्ही या," एक दिवस बकुळा म्हणाली. "ह्यांचं लक्षण मला बरं दिसत नाही. काल म्हणाले, कार्ड नाही आलं तर आपलं घर रिकामं झालं समज."

मी मार्गशीर्षात गेले. मानाजीला बघून जीव गलबलला. मिशा पार पांढऱ्या, गालफडं बसलेली. त्याला काय बोलणार? मी रणवीरला धरला आणि दर्शनाच्या निमित्ताने टेकरीवर घेऊन गेले. तुळजाभवानीपुढे नारळ ठेवला आणि बाहेर कठड्याशी त्याला विचारलं, "त्या कार्डाचं काय बोलतात ते तुला माहितीये?"

"आत्या, सगळ्या दुनियेला माहितीये."

"मग बापाला सांग ना, की मला कळलंय म्हणून! तो झुरून मरेल."

तो खाली गावाकडे बघत राहिला. मग एकदम वळून म्हणाला, "आत्या, पक्कं आहे ना? कैंसलच आहे ना ते? बाबांना कोणी काही वेगळं तर नाही सांगितलं?"

मला वाटलं, पोराचाही जीव त्या कार्डात अडकलाय. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नाही रे बाळा, कोणी काही नाही सांगितलं." त्याने मोठा श्वास सोडला. दोघं एकमेकांपासून एकच दुःख लपवतायत असं समजून मी मनातल्या मनात रडले. मी, स्पष्ट बोलणारी!

खाली दुकानापाशी आलो, तर दारात गर्दी. मानाजी पेढ्यांचा पुडा घेऊन रस्त्यावर! शेजारचा बांगडीवाला, रिक्षावाला, जो दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होता. त्याचा तो जुना आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

"आक्का! अफवा होती सगळी! कुशलचा फोन आला. कार्ड येतंय! थोडीच येणार, पण एक माझ्या नावाने बाजूला काढायचा शब्द दिलाय त्याने. रण्या, ऐकलंस का? येतंय रे आपलं कार्ड!"

मी आनंदाने रणवीरकडे वळले. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बकुळाने ते माझ्याआधी पाहिलं. तिने गर्दीला हात जोडून वाटेला लावलं आणि आम्हा सगळ्यांना आत घेतलं. मानाजी अजून बोलतच होता. कुठली वायर लागेल, पंखा कुठे लावू. हातात पोरासाठी धरलेला पेढा. रणवीर स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाबा, मी हैदराबादला हां बोलून चुकलोय."

"कधी?" मानाजी अजून हसतच होता. "अरे, मग आता ना बोल. कार्ड येतंय ना!"

"गणपतीतच बोललो, बाबा. तुम्हाला विचारायच्या आधी."

"मग... कार्ड?"

"ते येणार नाही असं तेव्हाच नेटवर लिहून येत होतं." त्याला हुंदका फुटला. "म्हणून तर मी त्याचं नाव घेतलं. तुम्हाला तोंडावर ना बोलायची हिंमत नाही झाली माझी. वाटलं, नाही आलं की तुम्हीच म्हणाल, जा."

मानाजीने पेढा पुड्यात परत ठेवला. पुड्याचं झाकण नीट दाबून बसवलं.

"विहीर बुजलेली होती होय," तो हळूच म्हणाला.

बकुळाने डोळ्यांना पदर लावला. रणवीरला काय कळणार? त्याने आबांना पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे वळून विचारतो कसा, "कौनसी विहीर, आत्या?" त्याच्या थोबाडीत द्यावी की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. शेवटी मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

संक्रांत झाल्यावर तो गेला. मानाजी स्टेशनवर गेला, बॅग स्वतः उचलली, डब्यात जागा बघून दिली, पाण्याची बाटली भरून दिली. गाडी सुटली तशी जोरात ओरडला, "पोचलास की फोन कर भिया!" आसपासची माणसं हसली.

त्या कार्डाचं पुढे काय झालं ते मला विचारू नका. आलं असेल, गेलं असेल, जळलं मेलं. कुशलचे फोन येत होते, मानाजीने एकही उचलला नाही.

परवा मी पुन्हा देवासला गेले. मागची खोली झाडलेली, खुर्ची आत सरकवलेली. कॅबिनेटला काचेचं दार लावून टाकलंय. आत सगळं आहे, आणि कार्डाच्या जागी ती सुपारी, ताज्या फुलासकट.

"आता तरी उचल ती, मानाजी," मी म्हटलं. "कशाला जिवाला घोर?"

त्याने काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

"तूच म्हणालीस ना आक्का, ही जागा गेलेल्यासाठी असते."

बकुळा हळदीची वाटी घेऊन आली. भुंगा लागू नये म्हणून तिने सुपारीखाली नवी हळद घातली आणि दार लावून घेतलं.