बाबांची पिवळी काठी

मी पत्रकांवर वाढले. नागपूरच्या घरी बाबा ऑफिसातून आले की आधी लिहायला बसत, आणि रविवारी आम्ही सगळे जमिनीवर बसून त्या छापील कागदांच्या घड्या घालत असू. सलग वाचलेले माझे पहिले दोन शब्द होते ‘जाहीर निषेध’. त्यामुळे इकडे परदेशात, मिल्टनच्या माझ्या घरात बाबा मासेमारीची काठी घेऊन आले, तेव्हा मी निषेधच केला.

काठी पलीकडच्या गल्लीतल्या, जुन्या सामानाच्या गराज सेलमधली. पिवळ्या फायबरग्लासची, माझ्याहून वयाने मोठी, मुठीचं बूच हातांच्या घामाने काळं पडलेलं. सोबत करकरणारं रीळ. ही ट्राउट मासे धरायची काठी. गळाला किडा लावायचा नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची.

“बाबा, पाणातिपाता,” मी म्हटलं. जीव न घेण्याचं हे पहिलं शील त्यांनीच मला पाठ करून घेतलं होतं.

“जीव कोण घेते? धरायचं अन् सोडून द्यायचं.”

“म्हणजे खायलासुद्धा नाही. तोंडात गळ रुतवायचा आणि वर दया दाखवायची. याला करमणूक म्हणतात.”

“तू वकील काहून नाही झाली गं? उगाच कम्प्युटरमध्ये गेली.” मग काठी भिंतीला टेकवून ते म्हणाले, “एकदा नदीवर चाल. पाह्य. मंग तू नाही म्हणशील तं ठेवून देतो.”

ते खरंच ठेवून देतील हे मला माहीत होतं, आणि अडचण तीच होती. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले आणि पहिला अख्खा हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला. इथे छापखाना नव्हता, चौक नव्हता, भांडायला माणूस नव्हतं. मी दारातला स्नो शोव्हल करायला निघाले की तेवढ्यापुरते ते बूट घालत. काठी आल्यापासून मात्र मी ऑफिसला निघायच्या आधीच ते लॉनवर असत. माणसाला या देशात एकच गोष्ट आवडली होती, आणि तिचा निकाल माझ्या हातात दिला होता.

रिळावरची जुनी दोरी आधी कडक तारेसारखी होती. बाबांनी ती कोमट पाण्यात भिजवली, साबणाने पुसली, दोन झाडांमध्ये ताणून ठेवली. तडे गेलेला भाग कापून टाकला. मग टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधून सराव. सुरुवातीला दोरी त्यांच्याच टोपीवर येऊन पडे. नव्या काठ्या ताठ असतात, त्या घाई चालवून घेतात. ही जुनी काठी हळू वाकते. दोरी मागे फेकली की ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर सगळा गुंता पायाशी. आमच्या घराण्यात थांबायची सवय कोणालाच नाही.

तरी एका सकाळी पाहिलं तर दोरी हवेत सुंदर उलगडत होती. बाबांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले.

“पाणी कुणाचं?” ते पुटपुटले आणि काठी मागे नेली. थांबले. मग काठी पुढे आली.

“हे काय?”

“मोर्चात आपण घोषणा देतो नं? आपण अर्धी द्यायची, उरलेली लोकांची. लोकांचं उत्तर यायच्या आत दुसरी दिली की सगळा गोंधळ होते. लोक ‘सगळ्यांचं’ म्हणून झाले की मंग पुढे.”

आयुष्यभर मोर्चांच्या पुढे चाललेला माणूस मिल्टनच्या लॉनवर मागच्या लोकांसाठी थांबत होता. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला, पण निषेध मागे घेतला नाही.

जूनमधल्या एका शनिवारी मी त्यांना ग्रँड नदीवर घेऊन गेले. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मी काठावरच्या दगडावर. पलीकडे वाकलेल्या झाडाखाली एक मासा पुन्हा पुन्हा वर येऊन काहीतरी टिपत होता. पाण्यावर गोल उमटे आणि वाहून जाई. बाबांनी घाई केली नाही. काठी मागे, थांबणं, काठी पुढे. माशी झाडाच्या सावलीत उतरली आणि एखाद्या खऱ्या किड्यासारखी वाहत आली. पाणी फुटलं. तपकिरी पाठ दिसली, काठी वाकली.

“ओढा, बाबा, ओढा,” मी ओरडले. उठून उभी होते मी, एक बूट पाण्यात.

बाबांनी ओढलं नाही. काठी सरळ झाली, मासा गेला.

“सुटला ना,” मी हळहळले.

ते हसत काठावर आले आणि माशी माझ्या तळहातावर ठेवली. गळाला टोक नव्हतं. वाकलेली तार मध्येच छाटलेली.

“पकडीनं काढलं,” ते म्हणाले. “त्यानं खरी समजून घेतली, झालं माझं काम. त्याच्या तोंडाशी मले काय करायचं आहे?”

मी माशी उलटीपालटी करून पाहिली. माझ्या निषेधाला त्यांनी वाद न घालता उत्तर दिलं होतं, तेही मला न सांगता.

“आणि चौथं शील?” मी म्हटलं. “खोटं न बोलण्याचं? माशाला फसवलंच तुम्ही.”

बाबा खरोखर विचारात पडले. टोपी काढून डोकं पुसलं. “हे बराबर आहे,” ते म्हणाले. मग नदीकडे बघत, “मंग? ठेवून देऊ?”

झाडाखाली पुन्हा गोल उमटला. तोच मासा असावा, किंवा दुसरा.

“बाबा, टोक नसलेल्या गळालाही मासेमारीचं लायसन्स लागतं का?”

“कायदा वाच. मले काय इचारते?”

मी दगडावर बसले, ओला बूट काढून उन्हात ठेवला आणि फोनवर माझ्या नावाने लायसन्स अप्लाय करायला घेतलं. रेंजची एकच काडी होती, पान हळूहळू उघडत होतं. बाबा परत पाण्यात शिरले होते.

“लवकर कर,” ते मागे न बघता म्हणाले. “तो काही तुझ्यासाठी थांबणार नाही.”