लांबीकाकांच्या कोऱ्या भिंती

वसाहतीत त्यांना सगळे लांबीकाका म्हणत. उंचीला तसे बुटकेच! पण कारखान्याच्या घरांमधल्या भिंतींची भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायची, हीच त्यांची एकतीस वर्षांची नोकरी. कारखाना सरकारचा, घरंही सरकारची. भिंतीत खिळा ठोकायला बंदी. लोक ठोकायचेच, आणि त्यांनी घर सोडलं की काका शिव्या घालत भोकं बुजवायचे.

स्वतःच्या घरात मात्र एक खिळा नाही. घड्याळ फळीवर, आरसा पेटीला टेकवलेला, लग्नाचा फोटो कपाटावर आडवा. काकू म्हणायच्या, "अहो, एक खिळा ठोकला तर आभाळ कोसळणार आहे का?"

"दुसऱ्याची वस्तू आहे. दिली तशीच परत करायची," काका म्हणायचे. आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

मग सरकारने कारखाना विकला. नवे मालक म्हणाले, वीस वर्षं सलग राहिलेल्यांना घर ठरावीक किमतीत नावावर करून देऊ. बाकीच्यांनी बाजारभावाने घ्यावं, नाहीतर महिन्यात खाली करावं. बाजारभाव ऐकून काकांनी बोटांवर हिशेब मांडला. सात जन्म लांबी भरली असती तरी जमलं नसतं. आणि राहिल्याचा पुरावा आणायचा कुठून? विजेची बिलं कारखान्याच्या नावाने, रेशनकार्डावर पत्ता नुसता 'कारखाना वसाहत', जुनी दप्तरं विक्रीच्या गडबडीत कुठं गेली कोण जाणे. शेजाऱ्यांची साक्ष चालेना, कारण तेही अर्जदारच. काहींनी चोरून भाडेकरू ठेवलेले, म्हणून एक तपासनीस बाई घरोघर फिरून राहत्या घराच्या खुणा बघू लागल्या.

शेजारच्या ड्रायव्हरच्या भिंतींत बावीस खिळे, दारावर पोरांच्या उंचीच्या रेघा. पाच मिनिटांत शिक्का! मग बाई काकांकडे आल्या. भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "इथं कोणी राहतं?"

"आम्हीच की!" काकू म्हणाल्या.

"मग भिंती इतक्या कोऱ्या कशा? भाडेकरू काढून रंग मारलात का?"

काका हात जोडून पुढे आले. "नाही हो बाई... घर आपलं नाही, म्हणून जपलं."

बाईंचं पेन थांबलं. "आपलं नाही, असं लिहू?"

"अहो, तोंड आवरा!" काकू रडकुंडीला आल्या. "बाई, यांना वसाहतीतलं कुठलंही घर विचारा. सगळं तोंडपाठ आहे."

काका घाईघाईने सांगू लागले. आठ नंबरात नर्सबाई, खिडकीवर पडद्यांची चार भोकं. तेरात वेल्डर, छताला मुलीच्या झोक्याचा हुक, काढताना अर्धं प्लास्टर खाली आलं होतं. एकवीसमध्ये मास्तर, भिंतभर नकाशे. बाई लिहीत गेल्या, तसा काकांना धीर आला, आवाज चढला. घरामागून घर ते बोलत सुटले.

शेवटी बाईंनी वही मिटली. "काका, एकतीस वर्षं तुम्ही इथं काम केलंत, हे पटलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण राहिलात कुठे?"

काकांनी दाखवायला बोट उचललं. ते कुठल्या भिंतीकडे न्यावं, त्यांना कळेना.